सेट ओके आहे

माझा बाप दर रविवारी माझ्या गावात यायचा आणि दुसऱ्याच्या घरी उतरायचा. हे वाक्य आठवलं तरी अजून माझा पारा चढतो, म्हणून आधी तेच लिहून मोकळी होते.

आम्ही मूळचे जळगावचे. लग्नानंतर मी धुळ्याला आले. नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कंट्रोल पॅनलच्या दुरुस्तीचं काम करते. हे काम मी नानांकडूनच शिकले. नाना म्हणजे माझे वडील. त्यांचं जळगावात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. जयंतीच्या मिरवणुकीचे भोंगेही आमच्या वस्तीत तेच बसवायचे, आणि शिडीखाली वायरचं भेंडोळं धरून उभी असायची ती मी. शाळा सुटली की मी दुकानात. नाना एखादा सेट दुरुस्त करून टेबलावर ठेवायचे आणि हाक मारायचे, "ऐक गं जरा." मी कान लावायचे. घरघर असली तर सांगायचे, एक बाजू दबकी वाटली तर सांगायचे, काही नसलं तर म्हणायचे, "ओके." मग नाना मागचं झाकण लावून स्क्रू आवळायचे. एवढंच. शाबास नाही, वा नाही, काही नाही. मला ते वर्षानुवर्षं पाणी भरण्यासारखंच एक काम वाटलं.

कारण नानांची शाबासकी वेगळी होती, आणि ती मला ठाऊक होती. एखाद्या माणसाला आवाजातलं कळतं असं दिसलं की नाना घरी येऊन आईला अहिराणीत सांगायचे, "त्याले कान शेत." त्याला कान आहेत. उभ्या जन्मात हे वाक्य त्यांनी तिघांबद्दल म्हटलं असेल. एक भजनी मंडळातला पेटीवाला, एक सिनेमा थिएटरातला ऑपरेटर, आणि तिसरा हा धुळ्याचा शेठ. माझ्याबद्दल कधीच नाही.

शेठचं आग्रा रोडला कापडाचं दुकान. मारवाडी घर, तीन-चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. शिंदखेड्याकडचं गिऱ्हाईक दुकानात आलं की शेठ त्याच्याशी अशी फर्डी अहिराणी बोलतो की माझी मलाच लाज वाटावी. मला संगीताचं वेड आहे हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. तर या माणसाने जपानी बनावटीचा एक जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बाहेरच्या देशातून नातेवाइकाकरवी मागवला. सोबत त्याचा ॲम्प्लिफायर. माणसाला हौस असते, ठीक आहे. पण हौस त्याची आणि बाप माझा, हे काही मला पचलं नाही.

हा हेडफोन साधा नसतो. साध्यात चुंबक आणि गुंडाळी असते, मोबाइलला लावला की वाजतो. यात दोन जाळ्यांच्या मध्ये एक पडदा ताणलेला असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. त्या पडद्यावर पाचशेऐंशी व्होल्टचा भार कायम ठेवावा लागतो, करंट मात्र नावालाच. भार आहे तोवर पडदा जिवंत. भार गळाला की आवाज मेला. म्हणून त्याला त्याचाच ॲम्प्लिफायर लागतो, किंवा मग साध्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या तारांना जोडायचा एक खास अडॅप्टरचा डबा. नाना त्याला पापुद्र्याचा हेडफोन म्हणायचे.

शेठने खोकं उघडलं आणि ॲम्प्लिफायरचा प्लग सरळ भिंतीत घालायला निघाला. नशीब त्याचं, की त्या दिवशी कुणीतरी त्याला नानांचा नंबर दिला होता आणि तो फोनवर होता. नाना म्हणाले, "थांबा. आधी डबा उलटा करा. खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय वाचा." लिहिलं होतं शंभर व्होल्ट. आपल्याकडे दोनशेतीस. दुसऱ्याच दिवशी नाना जळगावहून बसने धुळ्याला हजर. आम्हा खानदेशातल्या मेकॅनिकांचा जन्म व्होल्टेज चढवण्यात गेला. चोपड्याकडे केळीचे पंप एकदम सुरू झाले की बल्बची तार नुसती लाल दिसायची, मग बूस्टर लाव, स्टॅबिलायझर लाव. व्होल्टेज उतरवायला कुणी बोलावलं, ही नानांच्या आयुष्यातली पहिली वेळ. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून शंभराचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला आणि स्वतः मांडीवर धरून एसटीतून आणला.

पुढे तो ॲम्प्लिफायर रुसला, तेव्हा शेठने कुठूनसा अडॅप्टरचा डबा मिळवला. हेडफोन वाजेना, म्हणजे वाजे पण मेल्यासारखा. नानांनी दोन रविवार घालवले आणि शोधून काढलं. हेडफोनच्या प्लगला पाच पिना, डब्याच्या सॉकेटला सहा भोकं. प्लग आत बसतो, म्हणून माणूस फसतो. पण सहा भोकांचा डबा जुन्या काळचा, तो पडद्याला निम्म्याहून कमी व्होल्ट देतो. नानांनी शेवटी ॲम्प्लिफायरच उघडून दुरुस्त केला. हे सगळं मला कधी कळलं? माझ्याकडे चहाला आल्यावर, पंधरा मिनिटांत, साडेपाचच्या बसची घाई करत. मी रोज पॅनलमधल्या पिना मोजते हो! मला एक फोन केला असता तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण मला विचारलं कोणी?

आणि मग नानांनी ते वाक्य म्हटलं. माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत. "त्याले कान शेत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कपबशी जरा आपटूनच ठेवली, तर नाना म्हणतात, "अगं, फुटेल."

त्यानंतर दर रविवार. अडीच तास एसटीचे धक्के खात, एरंडोल, पारोळा करत नाना यायचे आणि स्टँडवरून थेट शेठकडे. दुपारभर त्याच्या खोलीत पापुद्र्याचा हेडफोन लावून बसायचे. शेठला म्हणायचे, "बठ्ठं ऐकू येस, बठ्ठं! तबलजीचा श्वाससुद्धा." बठ्ठं म्हणजे सगळं. पिशवीत केळीच्या दोन फण्या असायच्या. मोठी शेठच्या घरी, लहान माझ्या घरी. मी शेवभाजी करून ठेवायचे, तर हे म्हणायचे, "पोट भरलंय, दाल-बाटी खाल्ली." एकदा मी कांद्याच्या फोडणीचा वास घरभर सोडला, मुद्दाम. नाना म्हणाले, "वा, मस्त वास येतोय," आणि बसला गेले. शेठशी अहिराणीत खी खी हसणारा माझा बाप माझ्याशी मात्र शुद्ध बोलायचा, मी डिप्लोमा केला म्हणून. डिप्लोमा करून मी बापच गमावला की काय, असं वाटायचं. मी जळत होते. सरळ सांगते, जळून कोळसा झाले होते.

शेठ स्वतः भला माणूस आहे हे त्यातलं सगळ्यात वाईट. तीनदा त्याने निरोप पाठवला, "ताई, तुम्हीपण या ना ऐकायला." मी तिन्ही वेळा काम काढलं.

मे महिना लागला. धुळ्याचा मे काय असतो ते धुळेकरालाच विचारा. अशातच एका रविवारी नाना आधी माझ्याकडे आले. चप्पल काढली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "चल जरा माझ्यासोबत. ऐकून सांग."

"काय झालं?"

"डावीकडून कमी ऐकू येतंय. बसल्यावर पहिली दहा मिनिटं ठीक, मग डावी बाजू खाली जाते. शेठ सकाळी ऐकतो, त्याला दोन्हीकडे सारखं लागतं. मी हेडफोन उलटा लावून पाहिला. चहा घेतला, उलटा लावला, तरी पुन्हा डावीकडेच कमी."

दुरुस्तीतली ही पहिली परीक्षा. हेडफोन उलटा लावायचा. दोष बाजू बदलून गेला तर हेडफोनचा. दोष तिथेच राहिला तर कानाचा. नानांचा चेहरा मी पाहिला. एवढा घाबरलेला मी तो कधी पाहिला नव्हता. ज्याचं सगळं आयुष्य दोन कानांवर चाललं, त्याचा एक कान चालला होता.

गेलो. शेठने दार उघडलं, "या ताई, शेवटी आलात," म्हणाला आणि मला नानांच्या खुर्चीत बसवलं. मी कानांना हेडफोन लावला. देवा रे. आधी राग आला तो याचाच, की ते खरंच तेवढं सुंदर होतं. तंबोऱ्याची तार एकेक वेगळी दिसावी तशी ऐकू येत होती. म्हणजे नाना खोटं बोलत नव्हते, त्यांना माझ्यापेक्षा इथे जास्त सुख होतं आणि ते योग्यच होतं. मला रडू यायला लागलं, रागाचं.

दहा-बारा मिनिटांनी डावीकडचा आवाज खाली जाऊ लागला. हलकी चुरचुर, आणि मग दबका. मी हेडफोन काढला, शेठने आणलेलं ताक प्यायले, उलटा लावला. पुन्हा दोन्हीकडे सारखं. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा डावीकडेच खाली. माझे कान चांगले ठणठणीत आहेत, कारखान्यात दरवर्षी तपासतात. मग माझाही डावा कान आजच गेला का?

तेवढ्यात माझ्या डाव्या गालाला गारवा जाणवला. मी मान वळवली. खिडकीत भला मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्या पाण्याने निथळत असलेला, आणि त्याचा झोत सरळ या खुर्चीच्या डाव्या अंगावर. शेठ स्वतः कोपऱ्यात बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता. आपल्याकडची रीतच आहे, उन्हाळ्यात पाहुण्याला कूलरसमोरची जागा द्यायची. सकाळी शेठ एकटा ऐकायचा तेव्हा कूलर बंद. दुपारी पाहुणा आला की कूलर चालू, पाहुणा झोतात. आणि ओल्या हवेत तो पापुद्रा भार धरत नाही. हेडफोन सुलटा घाला नाहीतर उलटा, जी बाजू कूलरकडे ती ओली, तिचाच भार गळणार. चहाला उठलं, टेबलावर ठेवला, की वाळून पुन्हा ठीक. बस, एवढंच. नानांच्या कानाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

माझ्या ओठांवर आलं होतं, "नाना, कूलर बंद करा."

नाना समोर उभे होते. हात मागे बांधून, गिऱ्हाइकासारखे. आणि शेठ म्हणाला, "नाना, काळजी करू नका. काही असलं तरी तुमची खुर्ची इथे कायम आहे." तुमची खुर्ची! माझ्या घरात काय नानांना खुर्ची नव्हती? डोक्यात तिडीक गेली. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सेट ओके आहे, नाना."

नानांनी एकदा मान हलवली. मग शेठचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाऊ, मना कान ग्या." माझा कान गेला.

त्या दिवशी नाना माझ्यासोबत घरी आले आणि माझ्याकडे जेवले. शेवभाजी, दोन भाकरी. बस चुकली तरी घाई केली नाही, पुढच्या बसने गेले. आणि मी, काय सांगू, मी खूश होते. भांडी घासताना गुणगुणत होते. म्हटलं, आता रविवार माझा.

पुढच्या रविवारी मी सकाळपासून वाट पाहिली. नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेठचे दोन फोन आले, "ताई, नाना फोन उचलत नाहीत, बरे आहेत ना?" मी म्हटलं, "उन्हाचं बाहेर पडत नाहीत." मग आईचा फोन. "त्यांनी सोल्डरिंग आयर्न आणि मीटर देऊन टाकलं. रेडिओ लावत नाहीत. मी लावला तर बंद करतात. म्हणतात, आता काय ऐकायचं. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, पोरीनं तपासलंय."

पोरीनं तपासलंय. मी सोमवारची सुट्टी टाकली आणि पहाटेच्या बसने जळगाव गाठलं.

नाना ओट्यावर बसले होते. त्यांचं दुरुस्तीचं टेबल आईने धुऊन त्यावर पापड वाळत घातले होते. मी शेजारी बसायला गेले, तर नाना म्हणाले, "इकडून बस. उजवीकडून." मी उजवीकडे बसले. चांगल्या कानाच्या बापाच्या उजवीकडे, माझ्या खोटेपणाला जागा करून दिली होती तिथे. मला ते सहन झालं नाही.

"नाना, तुमचा कान गेलेला नाही. कूलर होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी बाप नाही, मेकॅनिक जागा झाला. "उलटा लावला तेव्हा?"

"तेव्हाही कूलरकडची बाजू ओली होत होती. चहाला उठलात की वाळायचा."

नानांनी हवेतच हेडफोन धरल्यासारखे हात धरले, उलटे केले, डावीकडे वळून पाहिलं, जणू तिथे कूलर आहे. "पाहुण्याची जागा," ते म्हणाले आणि हसले. असे हसले की आई आतून बाहेर आली. डोळ्यांत पाणी येईतो हसले. "अगं, त्याले कसं सुचावं! पाहुण्याचा मान म्हणून..." मग हसू थांबलं. "तुला हे कधी कळलं?"

घरी गेल्यावर कळलं, असं म्हणता आलं असतं. तेवढी संधी त्यांनी दिली होती, मला वाटतं मुद्दाम दिली होती.

"तिथेच," मी म्हणाले. "खुर्चीत बसल्या बसल्या."

"मग ओके का म्हणालीस?"

"मी जळत होते, नाना. तुम्ही धुळ्याला यायचे ते त्याच्याकडे. त्याला कान आहेत म्हणालात. मी जन्मभर तुमच्या टेबलाशी उभी राहिले, मला एकदा तरी म्हणालात का? एकदा तरी?"

आई आत निघून गेली. नाना ओट्यावरची माती पायाच्या अंगठ्याने टोकरू लागले.

"दुकानातून एक सेट तुझ्या ओकेशिवाय बाहेर गेला का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं.

"परीक्षेला तू मामाकडे राहिलीस तेव्हा आठ दिवस सेट पडून होते. लोक शिव्या देत होते. विचार तुझ्या आईला. दुसऱ्याचे कान मी तपासले, म्हणून बोललो, कान शेत. तुझे तपासायचे काय? माझ्या कानाचं काय झालं हे मी तुला विचारायला आलो. डॉक्टरला नाही विचारलं. शेठ म्हणत होता, मुंबईला दाखवू. मी म्हटलं, पोरगी ऐकेल. तू ओके म्हणालीस, मी स्क्रू आवळला."

मला जे जन्मभर ऐकायचं होतं, ते असं मिळालं. खोटं बोलून झाल्यावर.

मी रडले, खूप रडले. नानांनी डोक्यावर हात ठेवला, आईने चहा आणला, आणि नाना म्हणाले, "चल, जाऊ दे. रविवारी जाऊ दोघं." शेठला मी स्वतः फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "ताई, चूक माझीच. मीच त्यांना झोतात बसवलं." इतका भला आहे तो. अजूनही त्याचा हेवा वाटतो, पण आता वेगळा.

रविवारी आम्ही दोघं शेठकडे गेलो. कूलर बंद, खिडकी बंद, तिघांच्याही घामाच्या धारा. शेठने हेडफोन नानांपुढे केला. नानांनी तो घेतला, आणि स्वतः लावण्याआधी माझ्या हातात दिला. "ऐक गं जरा."

माझा जीव भांड्यात पडला. मी पुरी वीस मिनिटं ऐकलं. सुलटा लावून, उलटा लावून. दोन्हीकडे सारखं, स्वच्छ, तारेला तार.

"ओके," मी म्हणाले.

नानांनी मान हलवली. हेडफोन माझ्याकडून घेतला, वायरचा पीळ नीट सोडवला, आणि शेठकडे दिला. माझ्या ओकेनंतर त्यांनी सेट दुसऱ्या कुणाला ऐकायला दिलेला मी कधी पाहिला नव्हता.

"भाऊ," ते म्हणाले, "तुम्हीपण एकदा ऐकून घ्या."